समास

मुलांनो, नव्या वहीत लिहिण्याआधी तुम्ही काय करता? पट्टी घेऊन समास आखता. उर्दूत आपण त्याला हाशिया म्हणतो. उर्दूच्या वहीत हाशिया उजवीकडे, तर मराठीच्या वहीत समास डावीकडे! ही कोरी जागा फुकट गेली, असे तुम्हांला वाटते ना? मलाही तसेच वाटत असे. माझी चूक मला कशी कळली, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेने वार्षिक अंक काढायचे ठरवले. संगणकावर पाने तयार करण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. अंकाचे पान 148 मिलिमीटर रुंद आणि 210 मिलिमीटर उंच होते. मी नेमके तेवढेच माप घेतले. मुखपृष्ठावर कडेपर्यंत हिरवा रंग भरला. जास्त मुलांचे लेखन बसावे, म्हणून आतला मजकूरही कडेला भिडवला. पडद्यावर सारे छान दिसत होते.

अंकाच्या 300 प्रती छापून आल्या. मुखपृष्ठाच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. तेवढे चालले असते. पण मधल्या पानावर सातवीतील एका मुलीची नज्म होती. तिचे नाव खाली डाव्या कोपऱ्यात होते आणि नावाचे शेवटचे अक्षरच कापले गेले होते! ती अंक घेऊन माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "सर, माझं नाव पहिल्यांदाच छापून आलं, आणि तेही अर्धं!"

मला उत्तर सुचेना. मी तडक छापखान्यात गेलो. दोष त्यांचाच, असे मी मनाशी ठरवले होते. मालकांनी शांतपणे मला कागद कापण्याच्या यंत्राजवळ नेले. ते म्हणाले, "सर, कागदांची चळत कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून रंग चारही बाजूंना 3 मिलिमीटर बाहेर वाढवून द्यायचा. त्याला आम्ही ब्लीड म्हणतो. तुमचे पान 154 बाय 216 चे हवे होते. अक्षरे मात्र कडेपासून निदान 5 मिलिमीटर आत ठेवायची."

"पण मधलेच पान जास्त का कापले गेले?" मी विचारले. त्यांनी दहा कागद एकत्र दुमडून दाखवले. मधला कागद बाहेर डोकावत होता! कडा सारख्या करताना तोच अधिक कापला जातो. तुम्हीही हे घरी करून पाहा.

चूक माझीच होती. मी त्या मुलीच्या पूर्ण नावाच्या 300 चिठ्ठ्या स्वखर्चाने छापून घेतल्या. वर्गासमोर तिची माफी मागितली. मग आम्ही सर्वांनी मिळून प्रत्येक अंकात चिठ्ठी चिकटवली. पहिली चिठ्ठी तिने स्वतः लावली. तेव्हा कुठे ती हसली.

आता पाने छापखान्यात पाठवण्यापूर्वी मी पट्टी घेऊन कडा मोजतो आणि नमुन्याची एक प्रत कापून पाहतो. मुलांनो, समासाची जागा फुकट जात नाही. ती आतल्या अक्षरांची राखण करते. उद्या वहीत समास आखाल, तेव्हा त्या मुलीचे नाव आठवा आणि रेघ जरा आतच ओढा.