तोंडचे पाणी

मराठी भाषेने लाळेला फारसा मान दिलेला नाही. वरिष्ठांपुढे वाकणारा तो लाळघोट्या, आणि कुणाची थुंकी झेलणारा तर त्याहूनही हलका. एक वाक्प्रचार मात्र आपल्या पूर्वजांनी शरीराकडे नीट पाहून घडवला आहे. माणूस घाबरला की त्याच्या तोंडचे पाणी पळते. शरीरशास्त्रही हेच सांगते. भीतीच्या क्षणी लाळेचा ओघ आखडतो आणि जीभ जड होते. भीती ओसरली की ते पाणी परत येते. परंतु काहींच्या तोंडचे पाणी एकदा पळाले की परतत नाही. गेली चार वर्षे आम्ही अशांपैकी एक आहोत. या कोरडेपणावर तोंडात मारायचा ओलाव्याचा स्प्रे कितपत उपयोगी पडतो, याची आम्ही घरच्या घरी परीक्षा घेतली. तिचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्हाला घशाचा कर्करोग झाला होता. साडेसहा आठवड्यांत किरणोपचाराच्या ३३ बैठका झाल्या, आणि ईश्वरकृपेने व डॉक्टरांच्या हातगुणाने आजार आटोक्यात आला. त्या उपकाराचे मोल आम्ही जाणतो. म्हणूनच पुढचे दुःख सांगताना मन कचरते. किरणांच्या वाटेत लाळग्रंथी होत्या. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. पहिली कानापाशी, जिला सूज आली की आपण गालगुंड म्हणतो. दुसरी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात शेकडा ९९ भाग पाणीच असते, पण तिचे मर्म उरलेल्या एका भागात आहे. तोंड बुळबुळीत राखणारे म्युसिन, पिष्टाचे पचन सुरू करणारे द्रव्य, जंतूंना रोखणारे घटक आणि दातांना राखणारे कॅल्शियम व फॉस्फेट ही सारी त्या एका भागात सामावलेली असतात. म्हणून नुसते पाणी पिऊन लाळेची उणीव भरून निघत नाही. पाणी जिभेवरून घसरून जाते. लाळ तिथे राहते.

लाळ गेली म्हणजे काय काय जाते, याची यादी आम्हाला हळूहळू कळली. प्रथम भाकरी गेली. कालवणात भिजवल्याखेरीज तिचा घास घशाखाली उतरेना. मग आमच्या वसईची सुकेळी गेली, कारण ती टाळूला आणि दातांना चिकटून बसते, आणि लाळेविना दातांवरची साखर धुऊन निघत नाही. रात्रीची सलग झोप गेली. उशाशी तांब्याभांडे आले. दोन दाढा हिरडीलगत किडल्या. चारचौघांत बोलणे कमी झाले. लोकांना वाटले, आजारपणाने मनुष्य अबोल झाला.

सर्वांत जिव्हारी लागले ते निराळेच. आमच्या धर्मग्रामात आम्ही पंचवीस वर्षे पवित्र मिस्सामध्ये वाचन करीत आलो होतो. उपचारानंतरच्या एका रविवारी यशया संदेष्ट्याचे वाचन आमच्याकडे होते. चौथ्या ओळीत जीभ टाळूला चिकटली. शब्द डोळ्यांपुढे होते, पण तोंडातून निघेनात. एका तरुणीने पुढे येऊन वाचन पूर्ण केले, आणि आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्याच मिस्सामध्ये स्वीकारलेले ख्रिस्तशरीर बराच वेळ टाळूला चिकटून राहिले. ते गिळता येईना, आणि त्याला बोट लावण्यास मन धजेना. त्यानंतर आम्ही वाचकांच्या यादीतून आपले नाव काढून घेतले.

हे दुखणे केवळ कर्करोगाच्या रुग्णांचे आहे, असे वाचकांनी समजू नये. उच्च रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य, लघवीवरील ताबा यांसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि उतारवयात अशी तीन-चार औषधे एकत्र येतात. रक्तातील साखर वाढल्यानेही कोरड पडते. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच डोळ्यांच्या आणि तोंडाच्या ग्रंथींवर उलटते. तो विकार विशेषतः स्त्रियांना होतो. म्हणजे आपल्या प्रत्येक वाडीत, प्रत्येक आळीत असे कोणीतरी असणारच.

लाळ वाढवणारे औषध आहे. दक्षिण अमेरिकेतील जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांपासून पिलोकार्पिन मिळते. किरणोपचारानंतरच्या कोरड्या तोंडासाठी त्याच्या गोळ्यांना अमेरिकेत १९९४ साली मान्यता मिळाली. परंतु ज्या ग्रंथी थोड्याफार जिवंत आहेत त्यांनाच हे औषध हलवू शकते. त्याने घामही फार येतो, आणि आमच्यासारख्या दमेकऱ्यांना ते सहसा देत नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला स्प्रे वापरून पाहण्यास सुचवले. आखाती देशात परिचारिका असलेली आमची कन्या रजेवर आली ती एक बाटली घेऊनच. "पप्पा, याने बरे होणार नाही, पण बरे वाटेल," असे तिने प्रथमच स्पष्ट केले. दुसरी बाटली गावातल्या औषधाच्या दुकानातून आणली. पहिलीत ग्लिसरीन आणि झायलिटॉल होते, दुसरीत कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हा दाटपणा आणणारा पदार्थ. आमच्या पत्नींचे म्हणणे निराळे होते. "अहो, गार पाण्याचा घोट घेतलात तरी एवढेच वाटेल!"

त्यांच्या या वाक्यातूनच परीक्षेची कल्पना निघाली. महागडी वस्तू तोंडात घेतली की मन आधीच बरे वाटून घेते. म्हणून तुलनेला साधे पाणी हवेच. सूनबाईंनी सारख्याच आकाराच्या तीन रिकाम्या बाटल्या आणल्या, धुऊन-उकळून घेतल्या, आणि त्यांत परदेशी स्प्रे, देशी स्प्रे व उकळून गार केलेले पाणी भरले. बाटल्यांवर कागद गुंडाळून त्यांनी अ, ब, क अशी अक्षरे लिहिली आणि कोणत्या अक्षराखाली काय आहे ते आपल्यापाशीच ठेवले. प्रत्येक बाटली सात दिवस वापरायची, असे एकवीस दिवस ठरले. महिना ऑक्टोबर होता. उष्मा भरपूर होता, आणि जपमाळेचा महिना असल्याने घरी रोज संध्याकाळी मोठ्याने रोझरी होत होती.

"कसे वाटले?" या प्रश्नावर आम्ही भिस्त ठेवली नाही. गोडसर चवीवरून पाण्याची बाटली कोणती नव्हे, हे दोन दिवसांत कळणारच होते. म्हणून मोजता येईल तेवढेच वहीत लिहायचे ठरवले. सायंकाळी दोन फवारे मारून रोझरीला प्रारंभ करायचा, आणि पाण्याचा घोट घ्यावा लागेपर्यंत किती रहस्ये पूर्ण झाली ते नोंदवायचे. जेवताना भाकरीचा एक कोरडा तुकडा खाऊन पाहायचा. रात्री किती वेळा उठावे लागले ते सकाळी लिहायचे.

एकवीस दिवसांनी सूनबाईंनी कागद काढले. पाण्याच्या आठवड्यात आमची मजल बहुधा दुसऱ्या रहस्याच्या अखेरीपर्यंत गेली होती. दहा मिनिटांत जीभ पुन्हा सुकत असे. काहीही न घेता आम्हाला पहिल्याच रहस्यात थांबावे लागे, म्हणजे पाण्याचाही थोडा गुण होताच. परदेशी स्प्रेच्या आठवड्यात सातपैकी पाच संध्याकाळी पाचही रहस्ये पार पडली. ओलावा सुमारे पंचवीस मिनिटे टिकत असे. देशी स्प्रे त्याहून अधिक टिकला, चाळीस मिनिटांपर्यंत; पण त्याचा थर जिभेवर बसल्यासारखा वाटे आणि उच्चार जाड होत. रात्री पाणी मारून आम्ही चार वेळा उठत होतो, देशी स्प्रे मारून तीन वेळा. भाकरीच्या बाबतीत तिन्ही बाटल्या नापास झाल्या. कोरडा तुकडा कोरडाच राहिला. पेज, सार आणि कालवण यांना पर्याय नाही.

एका घरातील एका तोंडाची ही परीक्षा. तिच्यावरून जगाला नियम घालून देता येणार नाही. शास्त्रज्ञांचा अनुभवही मात्र फार वेगळा नाही. वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ साली तोंडात लावण्याच्या उपायांचा आढावा घेतला. त्यात ३६ चाचण्या आणि १,५९७ रुग्ण होते. कोणताही उपाय कोरडेपणावर निश्चित गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. एक तेलकट स्प्रे मात्र क्षारयुक्त पाण्याच्या स्प्रेपेक्षा सरस ठरला. च्युइंगमने, जिथे ग्रंथी शाबूत आहेत तिथे, लाळ वाढते असे दिसले. खरी आशा आहे ती ग्रंथी आधीच वाचवण्यात. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कानापाशीच्या ग्रंथींना चुकवून जाणारा नवा किरणोपचार जुन्याशी ताडून पाहिला गेला. वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत शेकडा ७४ जणांना होता, नव्या पद्धतीत ३८ जणांना. आपल्या ओळखीत कोणाला डोके-मानेचा किरणोपचार घ्यावयाचा असेल, तर लाळग्रंथी वाचवता येतील काय, हे त्यांनी डॉक्टरांना आरंभीच विचारावे.

अनुभवातून हाती लागलेल्या काही गोष्टी सांगतो. फवारा थेट घशात न मारता गालांच्या आतल्या बाजूस आणि जिभेखाली मारावा, आणि जिभेने तो सर्वत्र फिरवावा. विकत घेण्यापूर्वी घटक वाचावेत. काही स्प्रे आंबट असतात. आंबटाने लाळ सुटते खरी, पण ज्यांच्या तोंडात लाळच नाही त्यांचे दात आंबटाने झिजतात. झायलिटॉल दातांना सोयीचे असले तरी कुत्र्यांना विषारी आहे. बाटली अंगणात, ओट्यावर ठेवू नये. फ्लोराइडची टूथपेस्ट वापरावी, कवळी रात्री काढून ठेवावी, आणि किरणोपचार झालेल्यांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना ते अवश्य सांगावे, कारण किरण लागलेले जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही. औषधाने कोरड पडत असेल तर औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे.

राहिला प्रश्न मंदिरातला. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी स्प्रे मारला तर उपवास मोडतो काय, ही शंका घेऊन आम्ही प्रमुख धर्मगुरूंकडे गेलो. जुन्या पिढीला आठवत असेल, पूर्वी मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी साध्या पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरवले, आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी उपवास एका तासावर आणला. फादरांनी १९८३ ची चर्चची कायदेसंहिता उघडून ९१९ वे कलम दाखवले. त्या एका तासात पाणी आणि औषध घेण्यास मुभा आहे. वयोवृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तर त्याहूनही अधिक सवलत आहे. मग त्यांनी ९२५ वे कलम काढले. गरज असेल तेव्हा केवळ द्राक्षारसाच्या रूपातही हा संस्कार देता येतो. "तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?" एवढेच त्यांनी विचारले. आता आम्हाला ख्रिस्तशरीराचा लहानसा अंश मिळतो, आणि तोंड फारच सुकलेले असेल त्या दिवशी पेल्यातून.

त्याच भेटीत त्यांनी वाचकांची यादी पुढे केली. आम्ही हिशेब केला. आमच्या वाट्याला एका वेळी पंचवीस मिनिटांचा ओलावा येतो, आणि पहिल्या वाचनाला तीन मिनिटे पुरतात. ॲडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा वाचनासाठी उभे राहिलो. उच्चार स्पष्ट यावेत म्हणून परदेशी बाटली निवडली होती. सॅक्रिस्टीत दोन फवारे मारले तेव्हा वेदीसेवकांपैकी एक पोरगा हसू दाबीत दुसऱ्याला म्हणाला, "अंकलनी सेंट मारला!" वाचन शेवटच्या शब्दापर्यंत गेले. आवाज पूर्वीचा नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत पोहोचला, असे पत्नींनी सांगितले, आणि त्या उगाच स्तुती करणाऱ्यांतल्या नव्हेत.

स्प्रेने लाळ परत येत नाही. आमच्या ग्रंथींचे जे झाले ते झाले. परंतु एका वाचनापुरता, एका रोझरीपुरता, नातवाला एक गोष्ट सांगण्यापुरता ओलावा त्याने मिळतो, आणि दिवसाची पुष्कळशी कामे तेवढ्या वेळात बसतात.

वाचकहो, आपल्या घरी कुणी वडीलधारी व्यक्ती भाकरी नको म्हणत असेल, प्रार्थनेत नुसते ओठ हलवीत असेल, पूर्वी गात होती आणि आता गात नसेल, तर तिचा स्वभाव बदलला असे ठरवण्यापूर्वी एकदा विचारावे: तोंड कोरडे पडते का? हा प्रश्न आम्हाला कोणी विचारावा म्हणून आम्ही पुष्कळ दिवस वाट पाहिली होती. विचारायला खर्च नाही. उत्तर 'हो' असे आले, तर तिला डॉक्टरांकडे आणि दंतवैद्यांकडे न्यावे, ताटात कालवण थोडे अधिक वाढावे, आणि रोझरीच्या वेळी तिच्याजवळ पाण्याचे भांडे भरून ठेवावे.