मांजराची वाटी

कापसाच्या घरात मांजर कुणी मुद्दाम आणत नाही. सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरात आला की सरकीच्या मागे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजर. यवतमाळ जिल्ह्यात हा क्रम ठरलेला. 1972 साली सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून तर केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस घरातच पडून राहायचा. बसायच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि त्या ढिगात खोल कुठेतरी व्यालेली मांजरी, हे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी नेहमीचं होतं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्या कोपऱ्यातला कापूस हलवायचा नाही, असा आजीचा दंडक. बाहेर गाडी जुंपून उभी असली तरी.

मांजरीची वाटी चुलीच्या डाव्या अंगाला असायची. जर्मनची, एका बाजूने चेपलेली. सकाळची पहिली भाकर उतरली की आजी तिचा चतकोर दुधात कुस्करून त्या वाटीत टाकायची आणि मगच आमच्या ताटांकडे वळायची. माया एवढी, पण मांजर आजारी पडलं तर काय करायचं, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मांजरीले कायचा दवाखाना? थे आपलं आपण पायते." बैल बसला तर रात्री माणूस धाडून डॉक्टरांना आणणारं घर ते. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागालाही पंचमी आहे. मांजराच्या वाट्याला आमच्याकडे एकच विधी आला: कुणाच्या हातून मांजर मेलं तर त्याने काशीला सोन्याचं मांजर वाहायचं. म्हणजे त्याचा भाव मेल्यावरच वाढायचा.

आजीची मांजरं टुणटुणीत असायची आणि त्याचं श्रेय आम्ही सगळे त्या दूध-भाकरीला देत आलो. पुढे नोकरीनिमित्त मी यवतमाळला आले. फरशीचं घर, दाराला जाळी, कापसाचं बोंडही नाही आणि उंदीरही नाही. वाटी आता स्टीलची. शेजारच्या वहिनींचं मांजर दूध-पोळीवर वाढत होतं, अगदी लाडात. वर्ष-दीड वर्षात ते संध्याकाळच्या उजेडात खुर्चीच्या पायांना धडकू लागलं. दूध पचत नव्हतं ते वेगळंच. पोट कायम सैल. दूध तुटल्यावर बहुतेक मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचवण्याची ताकद उरत नाही, हे वहिनींना जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. दिसत का नाही, याचं कारण त्यांनी पोळीत शोधलं.

टॉरिन नावाचं द्रव्य मांसात असतं, धान्यात नसतं. माणसाचं शरीर ते स्वतः तयार करून घेतं. मांजराला ते पुरेसं तयार करता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की मांजराच्या डोळ्यातला पडदा झिजत जातो, हे 1975 मध्ये सिद्ध झालं. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी त्याहून मोठी गोष्ट दाखवली: हृदय फुगून मरणाऱ्या कितीतरी मांजरांना रोग असा नव्हताच, टॉरिनचा दुष्काळ होता. ते दिल्यावर त्यांतली बरीच सुधारली. त्यानंतर मांजरांचं खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यातलं टॉरिन वाढवलं.

हे ऐकलं आणि आजीच्या वाटीचा हिशेबच माझ्यासाठी उलटा झाला. तिची मांजरं भाकरीवर जगत नव्हती. भाकर हा मानपान होता, जेवण कापसाच्या ढिगात होतं. रात्रभर उंदीर खाऊन आलेली मांजरी सकाळी आजीचं मन राखायला दूध चाटायची. आपण गावातून वाटी तेवढी उचलून शहरात आणली, उंदीर मागेच राहिले.

आमच्याकडे बोका आला तेव्हा घरात अंडंही चुलीवर चढत नव्हतं. त्यावर घरात बरीच चर्चा झाली, चर्चा हा सौम्य शब्द आहे. शेवटी मांजराचं खाणं वेगळ्या पातेल्यात, मागच्या अंगणातल्या शेगडीवर शिजू लागलं: कोंबडीचं मांस, थोडी कलेजी, ना मीठ ना कांदा-लसूण. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसतं घरचं शिजवलेलंही पुरं पडत नाही, म्हणून जोडीला विकतचं खाद्य आलं. मांजराला शाकाहारी करू पाहणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्यांनी ससा पाळावा.

मग 2017 साल आलं. त्या हंगामात कापसावरच्या फवारणीने जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत गेले. मांजरांची मोजदाद कुणी केली नाही आणि माणसं मरत असताना ती करायला हवी होती असं मीही म्हणणार नाही. पण गावी गेले की ऐकू यायचं: यांचं मांजर लाळ गाळत मेलं, त्यांचं थरथरत गेलं. "काही चावलं असन," असं म्हणून लोक विषय सोडायचे. मांजराला घरच्या माणसाच्या अंगाचा वास आवडतो. फवारणी करून आलेला माणूस अंगातले कपडे ओसरीच्या कोपऱ्यात टाकतो, मांजर जाऊन त्यावरच वेटोळं करतं. अंगाला लागलेलं मग ते तासभर जिभेने चाटून साफ करतं. माणसाच्या कातडीला जे लागतं, ते मांजराच्या थेट पोटात जातं.

अशा वेळी तोंड उघडून तूप, ताक, दूध ओतायची पद्धत आहे. ते करू नये. घशाखाली उतरायच्या ऐवजी ते फुफ्फुसात जातं. मांजर शुद्धीवर असेल तर हातमोजे घालून कोमट पाण्याने आणि साबणाने अंग धुवावं, टॉवेलात गुंडाळावं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डब्यावरचं नाव डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचवतं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मांजर नेलं तर हसतील, अशी पुष्कळांना भीती वाटते. माझा अनुभव उलट आहे. फवारलेला चारा खाल्लेली गुरं पाहिलेल्या डॉक्टरला ही लक्षणं दुरून कळतात.

घरातलं विष मात्र कुणाला विष वाटत नाही. ताप आला म्हणून चिमूटभर पॅरासिटामॉल मांजराला चारणारी शिकली-सवरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते, कारण तिचा निचरा करायची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. फिनाईलचं तसंच. ओल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं. कुत्र्याच्या गोचिडांचं औषधही मांजराच्या मानेवर टाकू नये. त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन असतं आणि ते कुत्र्याला चालतं, मांजराला झटके आणतं.

आमचा बोका गेला असता तो मे महिन्यात. यवतमाळचा मे म्हणजे पारा 45 च्या आसपास आणि दिवसभर कूलरची घरघर. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यामुळे त्याला तहान कमीच लागते. त्यात वाटीत कोरडं खाद्य. बोका मातीच्या पेटीत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा, ओरडायचा. घरच्यांना वाटलं, पोट साफ होत नाही. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, "ताई, संडास नाही, लघवी अडकली आहे. उद्यावर टाकलं असतं तर वाचला नसता." नळी घालून मार्ग मोकळा केला. नराची मूत्रनळी अरुंद, तिथे खडे-चिकटा अडकतो आणि दोन-तीन दिवसांत रक्तात विष चढतं. त्यानंतर पाण्याची भांडी घरात तीन ठिकाणी आली, पसरट, मातीची, खाण्याच्या वाटीपासून लांब. आणि खाण्यात रस्सा आला.

लसींचं फार लिहीत नाही, कारण तो भाग सोपा आहे आणि तरीही राहून जातो. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ते चार महिन्यांचं होईपर्यंत पुढच्या, तीन महिन्यांनंतर रेबीजची. एका वेतातली पिल्लं उलट्या करत एकामागून एक गेली की गावात म्हणतात दृष्ट लागली. तो बहुधा पॅनल्यूकोपेनिया असतो आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. लस न टोचलेलं नवं पिल्लू लगेच आणलं तर तेही जातं. मांजरी पाच-सहा महिन्यांतच माजावर येते. शस्त्रक्रिया करून घ्यायला लोक कचरतात, पाप म्हणतात. आणि तेच लोक बाजाराच्या दिवशी पिल्लांचं पोतं परगावच्या देवळामागे सोडून येतात. यातलं पाप कोणतं, हे मला तरी उघड दिसतं.

लेक पुण्याला असते. तिच्या मांजराची वाटी चिनी मातीची आहे, त्यावर माशाचं चित्र आहे, आणि खाद्य वजन करून पडतं. मला त्या वजनकाट्याचं हसू यायचं, आता येत नाही. मांजर दुखणं लपवतं. लंगडत नाही, विव्हळत नाही, कपाटामागे जाऊन बसतं. त्याच्या तब्येतीची खबर पहिल्यांदा वाटीतच लागते: काल किती उरलं, आज किती. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि मग ते खायला दिलं तरी खात नाही. म्हणून मांजराने अख्खा दिवस वाटीला तोंड लावलं नाही, तर "उद्या खाईल" म्हणू नका. त्याला पिशवीत नाही, झाकणाच्या टोपलीत घाला आणि दवाखान्यात न्या. आणि न्यायचं तर सकाळीच न्या, कारण तालुक्याच्या ठिकाणी दुपारनंतर डॉक्टर बहुधा गावोगावच्या गुरांकडे गेलेले असतात.