वहीसकट गाडी दिली

आमच्या घरासमोर अकरा वर्षे एक पांढरी होंडा सिटी उभी असायची. २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही ती विकली. गाडी विकणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण त्या दिवसांत आम्हा नवरा-बायकोला जे शिकायला मिळाले ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे चार शब्द.

आमच्यापैकी एक गॅरेजात फिटर, दुसरी कारखान्यात पॅकिंगला. २००२ सालची ही गाडी २०१२ मध्ये गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाकडून हप्त्याहप्त्याने पैसे देऊन घेतली. दिसायला साधी, चार दारांची. पण इंजिन दीड लिटरचे, व्हीटेक, १०६ अश्वशक्तीचे. पोरांना ती शर्यतीचीच गाडी वाटे. हौस आम्हालाही होती. रुंद अ‍ॅलॉय चाके, गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, यांत दोन बोनस गेले. पण हौसेइतकीच निगाही होती. ऑइल कधी बदलले, ब्रेक कधी केले, सारे तारखेसह एका वहीत लिहिलेले.

थोरलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा समोर आला. कर्ज काढण्यापेक्षा गाडी काढू, असे ठरले. भाव विचारू लागलो तेव्हा पहिला धडा मिळाला. हौसेने लावलेल्या सामानाचे पैसे परत येत नाहीत. गिऱ्हाईक पाहते ते इंजिन, पत्रा आणि कागद.

पहिला आला तो विशी-बाविशीतला मुलगा. सायलेन्सरचा आवाज ऐकताच त्याने आमचा २ लाख ४० हजारांचा आकडा मान्य केला. रोख. अट एकच, "काका, नाव बदलायचं नंतर बघू. आता फक्त सही द्या." फीची मुदत आठ दिवसांवर होती. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

आठवत होते ते आमचे थोरले भाऊ. त्यांनी २००९ मध्ये स्कूटर साध्या कागदावर लिहून विकली. पुढे ती चालवणाऱ्याने एका म्हाताऱ्याला उडवले आणि नोटीस आली भाऊंच्या नावाने. तारखा करता करता त्यांची रोजी बुडाली. आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. भरपाईही त्याच्याच गळ्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय आखूड स्प्रिंगांवर गाडी खड्ड्यात कशी उडते, हे आम्हीच जाणत होतो. त्या मुलाच्या घरीही कुणी वाट पाहणारे असेलच. सकाळी आम्ही त्याला नाही म्हणून कळवले. फीचा पहिला हप्ता पगाराची उचल घेऊन भरला.

मग माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेले मूळ सायलेन्सर, स्प्रिंगा आणि चाके खाली काढून दोन रविवारांत बसवली. कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, असा निकाल जानेवारी २०१९ मध्येच लागला होता. कायदा मोडणारी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात का मारावी?

दुसरे गिऱ्हाईक नाशिकचे एक शिक्षक. सोबत आपला मिस्त्री घेऊन आले. पुढचे उजवे मडगार्ड रिक्षा घासल्याने रंगवलेले आहे, इंजिन थोडे ऑइल खाते, हे आम्ही आधीच सांगून टाकले. त्यांनी लगेच वीस हजार कमी केले. मनाला लागले, पण काय करणार? सौदा २ लाख ५ हजारांवर तुटला. नमुना २९ आणि ३० भरले, गाडी ताब्यात दिल्याचा दिवस आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. आर.सी.वर त्यांचे नाव चढल्याचे पाहिले, तेव्हाच जिवाला स्वस्थता आली.

वाचक बंधु-भगिनींनो, गाडी असो की जुनी स्कूटर, विकल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. "नंतर बघू" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

निघताना मास्तरांनी ती वही मागितली. आम्ही घुटमळलो. मागच्या पानांवर धाकटीने लहानपणी गाडीची चित्रे काढली होती. तेवढी पाने फाडून घेतली आणि वही त्यांच्या हाती दिली.