ताईचं टायपिंग

विंडोज एक्सपीला मिळणारी सुरक्षेची अद्यतनं ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली, तेव्हा नेरुळच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं मी ठरवलं. नव्या मशीनचा खर्च वाचणार होता. लिनक्सवर देवनागरीचं कसं होईल, ही शंका मला शिवलीही नाही. खारघरला केंद्र असलेल्या एनसीएसटी या संस्थेनं, म्हणजे पुढच्या सी-डॅक मुंबईनं, त्यासाठी ‘इंडिक्स’ प्रकल्पात काम केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

ताई दिवाळी अंकांसाठी कथा लिहायची. एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या मदतीनं ती वर्डमध्ये टाइप करायची. “बाकी काय हवं ते कर, माझं टायपिंग तेवढं हलवू नकोस,” एवढंच तिनं बजावलं होतं. वाइन नावाचा प्रोग्रॅम टाकला की विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात, असं मी तिला ठासून सांगितलं. मग तिच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि डिस्क फॉरमॅट केली. वाइन आधी माझ्या मशीनवर चालवून बघितलं नव्हतं. फॉन्टही घेतले नव्हते.

त्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे मशीनला लावायची परवान्याची किल्ली, लागायचं आणि डोंगलला विंडोजचा ड्रायव्हर. प्रोग्रॅमच्या मागण्या वाइन लिनक्सला समजावून देतं. असे ड्रायव्हर चालवणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. सॉफ्टवेअर सुरू होईना. फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट गेला की मजकूर वाचता येत नाही. युनिकोडमधली देवनागरी लिनक्सवर उत्तम दिसत होती. ताईच्या कथा युनिकोडमध्ये नव्हत्याच. ती माझ्या मागेच उभी होती. “हे माझं आहे?” तिनं विचारलं.

मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर मिळाला, पण तो रफार आणि पहिली वेलांटी चुकवायचा. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये उलट. रफाराचंही तसंच, म्हणून ‘गर्दी’ची ‘गदीर्’ व्हायची. ताई ओळीओळीनं दुरुस्त करत बसली. त्यात तिची बोटं मराठी टाइपरायटरवर तयार झालेली, आणि मी तिच्यापुढे इनस्क्रिप्टचा तक्ता ठेवला. सरकारनं मान्य केलेला, शास्त्रशुद्ध कीबोर्ड, हे मी तिला पटवत राहिलो. ती एकेक अक्षर शोधत होती आणि तेवढ्यात पुढचं वाक्य हातचं जात होतं. त्या वर्षी तिची कथा अंकाला गेली नाही. संपादकांना तिनं प्रकृतीचं कारण सांगितलं, माझं नाव घेतलं नाही.

टाइपरायटरच्या रचनेचा युनिकोड कीबोर्ड लिनक्सवरही बसवता येतो, हे मला नंतर कळलं. तो बसवून दिला, पण तोवर ती वहीत लिहायला लागली होती.

आता कुणाच्या मशीनला हात लावण्याआधी मी त्यांना परिच्छेदभर टाइप करायला सांगतो आणि शेजारी बसून बघतो. जुनी डिस्क काढून त्यांच्याच कपाटात ठेवतो.