पाटल्या, पॉलिसी आणि कार्ड

आमच्या तासगावच्या घरात आजोबांचा आरोग्यविमा आजीच्या हातात होता: सोन्याच्या दोन पाटल्या. किरकोळ दुखणी डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर निभावून न्यायचे. लाल मिक्श्चरची बाटली, तिला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी, आणि पैसे सुगीला. मोठं काही निघालं की एकच वाक्य, ‘मिरजेला न्या.’ डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या तिथल्या मिशन हॉस्पिटलातून आजोबा चालत घरी आले. एक पाटली मात्र सराफाकडेच राहिली.

१९८६ साली मेडिक्लेम आला. पुढे कधीतरी दारात आलेल्या एजंटाला वडिलांनी चहा पाजून वाटेला लावलं. ‘आजारी पडायचे पैसे आधीच कोण भरतो?’

आता मी ७२ वर्षांचा, आणि टेबलावर दोन कागद. एक खासगी पॉलिसीच्या रिन्यूअलचा. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी गेला तरी आकडा बघून घोटभर पाणी प्यावं लागतं. दुसरं आयुष्मान वय वंदना कार्ड. ते काढताना सेवा केंद्रातल्या पोरानं माझा अंगठा चारदा दाबून पाहिला. ‘आजोबा, रेषाच उरल्या नाहीत की!’ शेवटी ओटीपीवर भागलं.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, हे कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आम्हा नवरा-बायकोत मिळून. जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरलेली. खासगीत नवी पॉलिसी घ्यायची तर त्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवतात. पण कार्ड चालतं ते यादीतल्या हॉस्पिटलातच. म्हणून मुलगा म्हणतो, ‘बाबा, पॉलिसी सोडू नका.’ सोडायची गरजही नाही, दोन्ही ठेवता येतात. केंद्र सरकारच्या सीजीएचएस आरोग्य योजनेतल्या पेन्शनरांना मात्र ती योजना किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं.

गंमत अशी, की माझा महिन्याचा खरा खर्च बीपीच्या गोळ्यांचा आणि साखर तपासण्याचा. तो ना कार्ड देत, ना माझी पॉलिसी. त्या लाल बाटलीचे पैसे आजही माझ्याच खिशातून जातात, फक्त सुगीपर्यंत आता कुणी थांबत नाही.

हप्ता झेपत असेल तर पॉलिसी चालू ठेवा. कार्ड मात्र काढाच. आणि आपल्या जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे, ते धडधाकट असतानाच विचारून ठेवा.