खड्यांची विहीर

दोन वर्षांपूर्वी मी आणि कारभारीण अमेरिकेत मुलाकडे, डलासला गेलो होतो. शेतकरी माणूस रिकामा बसला की आजारी पडतो. पंधरा दिवसांत मी त्याच्या घरामागचं गवत दोनदा उपटलं. ते बघून पोरगा म्हणाला, "नाना, चला, तुम्हाला खोदायला नेतो."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण शनिवारी पहाटे त्यानं गाडी काढली आणि चारेक तासांनी आम्ही आर्कान्सा राज्यातल्या मर्फ्रीजबरो नावाच्या गावाजवळ पोचलो. तिथं एक सरकारी उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर मी फुलझाडं आणि कारंजी शोधत होतो. बघतो तर झाडीच्या मधोमध ३७ एकरांचं नांगरलेलं रान! तिकीट काढायचं, आत जायचं आणि हिरे शोधायचे. सापडला तर तो तुमचा, सरकार वाटा मागत नाही. चाळणी, फावडं, बादली भाड्यानं मिळते. मशीन मात्र चालवू देत नाहीत.

हे रान एका शेतकऱ्याचं होतं. जॉन हडलस्टन त्याचं नाव. १९०६ साली त्याला आपल्या शेतात दोन चमकते खडे सापडले, ते हिरे निघाले. पुढं ती जमीन ३६ हजार डॉलरला गेली. कंपन्यांनी खाणी काढून बघितल्या, पण धंदा काही बसला नाही. १९२४ साली याच मातीत ४०.२३ कॅरेटचा हिरा निघाला. अमेरिकेत त्याहून मोठा अजून सापडलेला नाही. शेवटी १९७२ साली राज्य सरकारनं जागा घेतली आणि सगळ्यांना मोकळी केली. मधूनमधून ते रान नांगरतात, म्हणजे खालची माती वर येते. बी टाकायचं नसताना नांगरट मी पहिल्यांदाच बघितली.

मी आधी मूठभर माती हातात घेऊन दाबली. सवय जात नाही. चिकट, करड्या रंगाची. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी इथं ज्वालामुखी फुटला आणि त्याच्याबरोबर हिरे वर आले, असं तिथल्या पाटीवर लिहिलंय, ते मुलानं वाचून सांगितलं. लोक माती बादलीत भरून पाण्याच्या हौदावर नेत होते आणि चाळणीत धूत होते. हिरा जड, म्हणून तो तळाशी बसतो. चांगला पाऊस झाला की काही लोक खोदतच नाहीत, नुसते खाली बघत चालतात. हिऱ्याला चिखल धरत नाही, उन्हात तो उघडा चमकतो.

नातू आणि मी दुपारपर्यंत चिखलानं माखलो. शेजारी एक म्हातारा घडीची खुर्ची टाकून चाळत बसला होता. कैक वर्षं येतोय म्हणाला. "काय मिळालं?" मी मुलाकरवी विचारलं. म्हातारा हसला आणि त्यानं डबा उघडून दाखवला. आत त्याचं जेवण होतं.

मीही हसलो आणि परत फावडं मारलं. तेवढ्यात मनात आलं, आज आपण मजेत खोदतोय. साठी उलटली, उभा जन्म खोदण्यात गेला, पण गरज नसताना जमिनीत फावडं कधी घातलं नव्हतं. आणि मग दादा आठवले.

बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव सिन्नर तालुक्यात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी बैलजोडी विकली आणि विहीर धरली. मी चौदा वर्षांचा, घमेली उचलायला. वर मुरूम, खाली काळा पाषाण. पहारी बोथट व्हायच्या, सुरुंग लावायचा, धूर बसला की परत उतरायचं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात चाळीस फुटांवर एक सुरुंग उडाला आणि खडकात पोकळी निघाली. हातभर रुंद. आत हिरवे, काचेसारखे टोकदार खडे, गुलाबी-पांढऱ्या दगडावर उगवल्यासारखे. मी ओरडलोच. दादांनी हात आत घातला, कोरडा बाहेर काढला आणि म्हणाले, "पानी न्हाई. खडे हायेत नुसते." आणि तिथंच तळाशी बसले.

काम थांबलं. कर्ज मात्र थांबलं नाही. दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले.

आठवडाभरानं फटफटीवर एक खडेवाला आला. त्यानं सगळे खडे पोत्यात भरले आणि पंचवीस रुपये दिले. आईनं त्यातला एक देवाच्या कोनाड्यात ठेवला होता. निघताना त्याची नजर तिकडं गेली. "त्याचे पाच देतो." दादा काही बोलले नाहीत. आई चुलीपाशी होती. मीच उठलो, कोनाड्यातला खडा काढला आणि त्याच्या हातात दिला. पाच रुपयांची ज्वारी आली, ती आम्ही खाल्ली. आईनं त्यावरून मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं सिन्नरला गारगोटी संग्रहालय झालं. एकदा बघायला गेलो तर काचेआड, दिव्याच्या उजेडात तसाच हिरवा खडा. पाटीवर नाव होतं अपोफिलाइट. आमचा नसेलही, पण माझे पाय हलेनात. एवढं देखणं काहीतरी आमच्या विहिरीत निघालं होतं. दादांच्या हातात पहार होती तेव्हा पाण्याशिवाय दुसरं काही देखणं वाटण्याची ऐपतच नव्हती आमची.

संध्याकाळी उद्यानातल्या बाईनं नातवाचा खडा भिंगातून बघितला. हिरा नव्हता, साधा तांबडा दगड होता. तरी पोरगं नाचतच बाहेर आलं. सापडला यातच त्याची दिवाळी.

गाडीत मी हे सगळं सांगितलं. मुलगा बराच वेळ गप्प गाडी चालवत होता. मग म्हणाला, "नाना, हे कधी बोलला नाहीत."

"बोलायचं काय? विहीर कोरडी गेली, एवढंच तर होतं."

नातवानं तो तांबडा दगड माझ्या बॅगेत घातला. गावी आल्यावर मी तो कोनाड्यात ठेवलाय, जिथून तेव्हा उचलला होता तिथं. आई आता नाही. कारभारीण रोज देव पुसताना तोही पुसते.