सांदण बसतं तेव्हा

पिल्लू रस्त्यात बसायचं ठरवतं तेव्हा आधी मागचे पाय दुमडतं, मग पुढचे पसरतं आणि शेवटी हनुवटी जमिनीला टेकवतं. हनुवटी टेकली की संपलं. पट्टा ओढला तर गळपट्टा कानांपर्यंत सरकतो, मानेची सगळी कातडी तोंडावर गोळा होते आणि त्या सुरकुत्यांतून ते आपल्याकडे असं बघतं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण कसाई वाटावं. आमचं पिल्लू चार महिन्यांचं लॅब्रॅडॉर आहे. रंग फणसाच्या सांदणासारखा, म्हणून नाव सांदण. बसायच्या जागा त्याने नेमून ठेवल्या आहेत आणि त्यातली सगळ्यात लाडकी थिबा पॅलेसच्या कुंपणाशी आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी 1910 मध्ये पुरा झाला, 1916 मध्ये राजा इथेच गेला. मनाला येईल तिकडे फिरायची मुभा त्याला नव्हती. सांदणाला ती आहे, आणि ते त्याच कुंपणाशी बसून ती रोज नाकारतं.

परतीच्या वाटेवर मात्र हेच सांदण मला ओढत आणतं. त्यावरून शेजारच्या काकूंनी निदान केलं, "आळशी आहे हो, दुसरं काही नाही." दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी पट्टा घेऊन निघाले तर त्याच काकू म्हणाल्या, "अगो, उन्हाचं कुठे नेतेस त्याला?" दोन्ही मतं त्यांनी सारख्याच ठामपणे मांडली. पहिल्यात थोडं खरं एवढंच, की लहान पिल्लाला घरापासून लांब जाणं मुळात आवडत नाही. डंपरचा भोंगा, अनोळखी कुत्र्याचा वास, गळ्यातला नवा पट्टा, काहीही पुरतं. दुसरं मत मात्र सोळा आणे खरं.

मे महिन्यात रत्नागिरीचा पारा 33-34 अंशांच्या आसपास असतो. विदर्भातला माणूस हा आकडा ऐकून हसतो. त्याला इथे दुपारी एसटी स्टँडवर उभं करावं. हवेतच इतकं पाणी असतं, की अंगावरचा घाम वाळत नाही, नुसता वाहतो. आता ज्याला अंगभर घामच येत नाही त्याचा विचार करा. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी आहेत त्या मुख्यतः पंजांच्या गादीत. अंग थंड करायचं खरं काम जीभ आणि श्वास करतात. धापा टाकताना श्वास मिनिटाला तीनशेच्या पुढे जातात, ओल्या जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पण दमट हवेत ते पाणी तरी उडणार कुठे? शिवाय सांदणाच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांबरोबर समुद्रात उतरून जाळी ओढू लागायचे. तो कोट घालून ते आज कोकणातल्या मे महिन्यात चालतंय, आणि आम्ही त्याला आळशी म्हणतो.

पायाखालचं वेगळंच. डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ धग सोडत राहतं. म्हणून 'संध्याकाळी नेते की' हे उत्तर पुरत नाही. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघायची. आपल्याला सोसवत नसेल तर पंजालाही नाही. भर रस्त्यात वाकून डांबराला हात लावणारी बाई बघून लोक काय समजतात ते मी विचारत नाही.

मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बघा. तिथल्या गावठी कुत्र्यांना कुणी व्यायाम देत नाही. दुपारी ती ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत वाळू उकरतात, खालचा ओला थर लागला की त्यात पोट टेकवतात आणि वारं बदलेपर्यंत हलत नाहीत. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहिलेले मतलई वारे सकाळी मंदावतात. जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. या दोहोंच्या मधला जो पडेल वेळ, झावळीचं पातंही हलत नाही असा, तो सगळ्यात वाईट. आणि नेमकी त्याच सुमारास माझी सकाळची कामं आटपलेली असायची. माणसंही फार वेगळं करत नाहीत. आंब्याच्या बागेत पहाटे सुरू झालेली काढणी ऊन चढलं की थांबते, आगरातलं शिपणं सकाळ-संध्याकाळ होतं, दुपारी पडवीत जो तो आडवा. भर उन्हात 'चालायलाच हवं' म्हणणारी माणसं म्हणजे आम्ही, हातात मोबाईल धरून पावलं मोजणारी.

चालायला किती हवं, याचा एक अंदाजी हिशोब सांगतात: वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं. म्हणजे सांदणाला एका वेळी वीस. हे काही पक्कं शास्त्र नाही, पण वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चा अजून कोवळ्या असतात, तेव्हा ओढून-ताणून चालवण्यात शहाणपण नाही, हे खरं. ही वीस मिनिटं कुठे मिळवायची, याचं उत्तर मला भाट्याच्या किनाऱ्यावर मिळालं, आणि तेही भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास इथे ऐन दुपारच्या आधी-नंतर उधाणाची भरती असते, म्हणजे पहाटे ओहोटी. पाणी लांब गेलेलं, वाळू ओली, घट्ट, गार. सुरूच्या बनातून अजून जमिनीकडचा वारा येत असतो. अशा वेळी सांदण बसत नाही. ते खेकड्यांच्या बिळांत नाक खुपसत वाकडंतिकडं पुढे जातं आणि मीच मागे राहते. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती नेमकी पहाटेच येते, ओल्या वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि उरते ती भुसभुशीत वाळू. तिच्यात पिल्लाचे पाय रुततात. एकादशी कधी आहे हे मला पूर्वी ठाऊक नसायचं. आता कुत्र्यामुळे तिथी पाठ झाल्या.

किनारा निवडायचाही विचार असतो. भगवती किल्ल्याच्या एका बाजूला पांढरा समुद्र, दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी काळी खनिजं असतात. काळं ते जास्त तापणार. पर्यटक दोन रंगांचे फोटो काढतात, आम्ही पंजे बघतो. आणि कुठल्याही किनाऱ्यावर एक डोळा पिल्लाच्या तोंडावर ठेवावा लागतो: जाळ्यातून फेकलेला केंड मासा विषारी असतो, आणि खारं पाणी प्यायलं तर घरी जाऊन निस्तरावं लागतं.

उरलेला व्यायाम घरातच होतो, नाकाने. नारळाच्या सोडणांचा ढीग करायचा, त्यात भाकरीचे तुकडे लपवायचे आणि सोडून द्यायचं. हुंगून-हुंगून दहा मिनिटांत सांदण असं दमतं, की लादीवर चारी पाय पसरून झोपतं. बाठा मात्र त्याच्या हाती लागू द्यायचा नाही. या दिवसांत घरोघरी बाठे, आणि गिळला तर आतड्यात अडकून थेट ऑपरेशनपर्यंत जातं. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, चाल झोकांडते, असं काही दिसलं तर आधी सावलीत न्यायचं, पोटावर, जांघांत, पायांवर साधं थंड पाणी ओतत वारा घालायचा आणि तसंच डॉक्टरकडे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, आतली उष्णता आतच कोंडते. कुत्र्याचं अंग एरवीच 38 ते 39 अंशांचं. 41 च्या वर गेलं की जिवावरचं.

आता मे सरत आला. 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढल्या जातील. मग मृग. पावसात गोचिडी वाढतील, त्याची सोय आधीच करायला डॉक्टरांनी सांगितलंय. बाकी चालायचा प्रश्न उरणार नाही असं काकू म्हणतात. रस्ताभर बेडूक असतात, पिल्लू त्यांच्यामागे आपोआप पळतं. काकूंनी आजवर कुत्रा पाळलेला नाही.